अबोल्याची वही

भांडण ऐन रंगात आलं की आमचे हे अधूनमधून एकदम गप्प व्हायचे. सव्वीस वर्षं मी त्याला माझा विजय समजत आले. मग डॉक्टरांनी मेंदूतली गाठ दाखवली आणि म्हणाले, हा अबोला नाही, फिट आहे. शुद्ध असते, पण तेवढा वेळ तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणजे माझे निम्मे विजय त्या गाठीचे निघाले.

ऑपरेशन झालं, गोळ्या सुरू झाल्या, पण गाठीचा थोडा भाग आत राहिला. "फिटांची नोंद ठेवा. पाच मिनिटांवर गेली तर थेट इकडे आणा," डॉक्टरांनी बजावलं. मी शाळेत गणित शिकवते. लगेच वहीत रकाने आखले. हे गप्प झाले की मी वाक्य अर्धवट टाकून घड्याळ बघायचे आणि यांच्या पाठीवरून हात फिरवायचे.

गेल्या महिन्यात पाच नोंदी होत्या, या महिन्यात अकरा. डॉक्टरांनी वही दोनदा वाचली. "वाढल्यात. शिवाय चार-चार मिनिटं चालतायत. गाठ पुन्हा वाढतेय का, ते बघावं लागेल." मी वही ओढून अकरा ओळी पुन्हा मोजल्या.

हे खुर्चीत चुळबुळले. "त्यातल्या आठ माझ्या आहेत."

"सगळ्या तुमच्याच आहेत," डॉक्टर म्हणाले.

"तसं नाही. मी रुसलो होतो."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.

"मी गप्प झालो की ही गप्प होते, हे आत्ताच कळलं ना. मग सवय लागली. पण पाच मिनिटांच्या आत बोलायचो. उगाच तुम्हाला त्रास नको."

डॉक्टरांनी पेन पुढे केलं. हे कुलपं दुरुस्त करतात; त्याच निगुतीनं एकेक ओळ खोडत गेले. "हा रुसवा माझ्या बहिणीवरून. हा दुकान उशिरा उघडलं म्हणून. हा कशावरून ते विसरलो, पण राग खरा होता."

तीन उरल्या, तिन्ही अर्ध्या मिनिटाच्या. डॉक्टरांनी गोळी होती तेवढीच ठेवली.

आठ वेळा मला बनवलं होतं, मी चिडायला हवं होतं. पण नवरा स्वतःच्या मर्जीनं माझ्यावर रुसला होता, याचा इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

घरी चालत निघालो. "मंगळवारी कशावरून रुसला होतात?" मी विचारलं.

हे सांगू लागले. कोपऱ्यापर्यंत मंगळवार झाला, पुलाशी शनिवार संपला. मला प्रत्येक वाक्याला उत्तर सुचत होतं. घर येईपर्यंत मी एकदाही मध्ये बोलले नाही.