बुडालेल्या नगरीचे रस्ते

माझे सासरे शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाले आणि त्यांनी एक बुडालेलं बेट डोक्यात घेतलं. त्या बेटावर म्हणे सोन्याच्या छपरांची नगरी होती आणि एका रात्रीत ती समुद्राने गिळली. सोन्याची छपरं! आमच्या छपराची गळती बघायला यांना वर्षभर सवड झाली नव्हती. गल्लीत त्यांना 'बेटवाले' म्हणायचे, आणि टवाळीत मीही मागे नव्हते. एवढं शहर बुडालं आणि एक फुटकं मडकंही कुणाला सापडू नये, हे मी जेवताना हटकून काढायची.

"विस्तवाशिवाय धूर निघत नाही, सूनबाई," ते म्हणायचे.

"बाबा, काही लोकांना धुकंही धूर वाटतं."

मी समुद्रतळाचे नकाशे करणाऱ्या कार्यालयात नोकरीला आहे. त्यामुळे असं बोलायचा मला जणू परवानाच होता.

मग आमचा नवा नकाशा सगळ्यांसाठी खुला झाला. बाबांनी तो संगणकावर पाहिला, तर नेमके त्यांच्या बेटाच्या जागी सरळसोट रस्ते, एकमेकांना काटकोनात छेदणारे. म्हाताऱ्याला आनंदाने रडू आवरेना. वाचनालयाचं सभागृह ठरलं, व्याख्यान जाहीर झालं. आजवर टिंगल करणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांना आवर्जून बोलावणी गेली.

मी नकाशा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"सांगू नकोस," नवरा म्हणाला. "एक दिवस मिरवू दे त्यांना."

"आणि सभेत कुणी जाणकार उठला तर? चारचौघांत नाक कापलं जाईल त्यांचं."

त्यांच्या नाकाची मला काळजी होतीच, पण जिंकायची हौसही काही कमी नव्हती. व्याख्यानाच्या सकाळी ते दाढी करत होते, तेव्हा मी सांगून टाकलं. "बाबा, ते रस्ते आमच्या बोटीचे आहेत. बोट जिथून गेली तिथलीच खोली मोजली, म्हणून तेवढ्या पट्ट्या ठळक दिसतात."

"आणि पट्ट्यांच्या मधे?"

"तिथे बोट गेलीच नाही. आजूबाजूचे आकडे बघून अंदाजाने भरलंय."

त्यांनी अर्धवट दाढीवरचा साबण तसाच पुसून टाकला. मला वाटलं, व्याख्यान रद्द. पण संध्याकाळी ते वेळेवर निघाले आणि मला पहिल्या रांगेत बसवलं.

"मंडळी, नगरी सापडलेली नाही," त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. "ते रस्ते माझ्या सुनेच्या बोटीचे आहेत."

हशा पिकला. जुने सहकारी तर मांड्यांवर थापा मारत होते. बाबांनी सगळ्यांचं हसून होऊ दिलं.

"आणि रस्त्यांच्या मधला समुद्र तिने अंदाजाने भरलाय. मीही इतकी वर्षं तेच केलं. जरासं हाती लागायचं, बाकीचं मनाने भरायचो. फरक एवढाच, की त्याचा तिला पगार मिळतो आणि मला टोमणे."

या वेळी सगळे माझ्याकडे बघून हसले. आमचा अंदाज शास्त्रीय असतो, असं मी उठून ठणकावणार होते. पण तो अंदाज आहे, हे आम्ही नकाशावर कुठेही लिहिलं नव्हतं.