कार्बोरेटर नसलेलं विमान

नंदिनीनं कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं, ‘शिकायचं विमान’. उजवीकडे, ‘नोकरीचं’.

“आता सांग,” चष्मा पुसत तिचे वडील तानबा म्हणाले. तीस वर्षं त्यांनी एसटीच्या डेपोत इंजिनं खोलली होती. पोरगी कशात बसणार हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं, आणि नोकरीचा होकार तर आज पाचपर्यंत कळवायचा होता.

ती सांगत गेली, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशी. छोट्यात चार सिलिंडर, पेट्रोल. मोठ्यात टर्बाइन, तेच पुढचा पंखा फिरवतं, रॉकेलसारखं इंधन, नऊ माणसं घेऊन कच्च्या पट्टीवरूनही उठतं.

“इंजन किती?”

“दोन्हीत एकच.”

तानबांना ते काही आवडलं नाही. चार महिन्यांपूर्वी, भर पावसाळ्यात, छोट्याचं ते एकुलतं एक इंजिन हवेतच बंद पडलं आणि विमान शेतात आदळलं. नंदिनी खांद्याच्या टाक्यांवर निभावली. शिकवणारे मुकेश सर गेले. तेव्हापासून पोरीला ना भूक, ना रडू. ताट वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर मागायचीही नाही.

“कार्बोरेटर?”

“छोट्यात आहे. दमट हवेत त्यात बर्फ धरतो. म्हणून उतरताना गरम हवेचा नॉब ओढायचा. स्कूटरचा चोक असतो तसा.”

“अन् मोठ्यात?”

“कार्बोरेटरच नाही. त्यात ते विसरायची सोय नाही.”

तानबांनी चष्मा काढून कागदावर ठेवला.

“त्या दिवशी विमान कोणाच्या हातात होतं?”

चौकशीत तिनं सांगितलं होतं, सरांच्या. सेलूला सरांच्या बायकोला, वर्षालीला, भेटायला येणारे अजून तेच ऐकवून जात होते, की इतका जाणता माणूस, पण गाफील राहिला.

“माझ्या,” नंदिनी म्हणाली. पत्ता सांगावा इतक्या सरळ. “सर म्हणाले होते, ओढ. मला वाटलं, ओढलाय.”

उगाच विचारलं, असं तानबांना वाटून गेलं. गप्प राहिलं तर कोणाला कळणार होतं? नोकरी हातात होती. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते. त्यांनी चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला आणि कागद घडी करून खिशात घातला.

“चाल.”

“कुठं?”

“सेलूले. वर्षालीले सांगून येऊ. नोकरीचं मंग पाहू.”

ती चप्पल घालून मागोमाग आली.

डिसेंबरच्या गारठ्यानं स्कूटर चालू होईना. तानबांनी तीनदा किक मारली.

“ओढ बरं तो चोक,” ते सवयीनं बोलून गेले.

नंदिनी वाकली. तिची बोटं चोकवर गेली आणि तिथंच लटलट कापायला लागली. मग खांदे. मग तोंडातून एक आवाज निघाला, जो चार महिन्यांत घरात कोणी ऐकला नव्हता.

तानबांनी हँडल सोडलं नाही.

“ओढ बाई,” ते हळूच म्हणाले. “मी थांबून हाओ.”

तिनं ओढला.