कल्हई उडालेला गंज

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज आहे, म्हणजे रस्सा शिजवायचं खोलगट पातेलं. मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावर, सुंदरबाईच्या घरात, पिठाच्या डब्यामागे मी पालथा पडून असतो. माझ्या काठावर 'हेमसिंग' असं नाव कोरलेलं आहे. आता त्या नावाचं माणूस घरात उरलेलं नाही.

कासारानं मला ठोकून ठोकून घडवलं. मार पुष्कळ खाल्ला, पण अंगाला असा घाट आला की त्याचा तोरा अजून गेलेला नाही. पोहरादेवीच्या यात्रेत हेमसिंग आणि त्याची नवी नवरी सुंदरबाई यांनी मला विकत घेतलं. गर्दीत धक्का लागून पोचा पडू नये म्हणून ती मला पोटाशी धरून घरी आली.

माझं खरं काम वर्षातून एकदाच असे. ऊसतोडीला गेलेली माणसं होळीला परत येत. धुळवडीला तांड्यावर बोकड कापला जाई, घरोघरी वाटे जात आणि आमच्या अंगणात हेमसिंग स्वतः चुलीशी बसे. त्या दिवशी सुंदरबाईनं चुलीकडे फिरकायचं नाही, असा त्याचा हुकूमच होता. भाजलेलं खोबरं, लाल तिखट, आणि शेवटी चिंचेचा कोळ नि गुळाचा खडा. रस्सा आटत आटत फोडींना लपेटायचा आणि वर अशी चकाकी यायची की शेजारी वाट्या घेऊन दारात उभे राहायचे.

पण मित्रांनो, त्याआधीचं एक काम कोणाच्या लक्षात राहत नसे. होळीच्या आधी तांड्यावर कल्हईवाला यायचा. तो मला निखाऱ्यावर तापवायचा, नवसागर टाकून आतून कथिल फिरवायचा आणि पाण्यात बुडवायचा. मी चर्रकन ओरडायचो आणि आतून पांढराशुभ्र व्हायचो. पुढे कल्हईवाले यायचे बंद झाले, तेव्हा हेमसिंग मला पिशवीत घालून बसनं बाजारगावी नेऊ लागला. सुंदरबाई हसायची. तो म्हणायचा, "आंधी कल्हई, मंग मटन." एवढंच. यापेक्षा जास्त त्यानं कोणाला कधी सांगितलं नाही.

गेल्या श्रावणात हेमसिंग गेला. सुंदरबाई रडली नाही. मात्र तिची अन्नावरची वासनाच उडाली. दोन घास चिवडायची आणि ताट सारायची. धुळवडीला पुण्याहून मुलगा देवानंद आला, सोबत सून रंजीता आणि नात ज्योत्स्ना. आईच्या हाताची हाडं पाहून तो हबकला.

"याडी, आज मी बासारखं मटन करतो," तो म्हणाला. "बाच्याच गंजात. तू पोटभर जेवजो."

आईनं नुसती मान हलवली.

देवानंदनं मला काढलं आणि घासायला बसला. बाहेरून चिंच लावली. तेवढ्यावर थांबला असता तर! पण बापाचा गंज लखलखला पाहिजे म्हणून त्यानं आतूनही तारेच्या घासणीनं रगडलं. उरलीसुरली कल्हई पाण्याबरोबर मोरीत गेली आणि खालचं पिवळं पितळ झळकलं. "पाय बरं, कसा नवा कोरा दिसून राह्यला!" तो बायकोला म्हणाला. सुंदरबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिला ते दिसलं नाही. मला सगळं कळत होतं, पण मला तोंड असून उपयोग काय?

चिंचेचा कोळ पडला आणि माझा जीव घाबरा झाला. उघड्या पितळेत आंबट शिजलं की ते कळकतं, मित्रांनो. खाण्याजोगं राहत नाही.

घरातल्या मोठ्या माणसानं आधी घास घ्यायचा, म्हणून पहिलं ताट सुंदरबाईचं. देवानंद तिच्या तोंडाकडे बघत बसला. तिनं घास घेतला, क्षणभर थांबली आणि गिळला.

"लय चांगलं झालं, बाप्पा."

तिनं दुसरा घास घेतला, तिसराही. देवानंदचे डोळे भरून आले. रंजीतानं ज्योत्स्नाच्या ताटात वाढायला पळी उचलली, तशी सुंदरबाईनं नातीचं ताट ओढून घेतलं.

"पोरीले देऊ नको. कळकलं ते."

देवानंदनं बोट बुडवून चाखलं आणि थुंकला. "याडी, तुले कवा समजलं?"

"पयल्याच घासाले."

"मंग काहून खाल्लं?"

"तू माह्यासाठी केलं होतं ना."

मटण मातीत पुरलं. सणाच्या दिवशी सगळ्यांनी भाकरी आणि ठेचा खाल्ला. सुंदरबाईनं मला स्वतः धुतलं, आतून बोटं फिरवली, मग काठावरच्या नावापाशी तिचा हात थबकला. "तुमी दरसाल कल्हई काहून करून आनत होते, ते आज समजलं मले," ती म्हणाली आणि हेमसिंग गेल्यापासून पहिल्यांदाच धाय मोकलून रडली.

देवानंद म्हणाला, "स्टीलचा आनून देतो." ती नको म्हणाली. तो पुण्याला परत गेला आणि मी डब्यामागे आलो.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी न बोलता एखादं काम वर्षानुवर्षं करत असेल, तर ते माणूस आहे तोवरच त्याच्याजवळ बसा आणि विचारून घ्या. आणि भाता घेऊन फिरणारा कल्हईवाला कुठे दिसलाच, तर त्याला आमच्या तांड्याची वाट दाखवा. सुंदरबाई अजून दोनच घास खाऊन उठते.