शुक्रवारचं कात्रण

“माझ्या खिडकीतल्या दिव्यावर विश्वास ठेवू नकोस, तो टायमरवर लागतो. शुक्रवारी दुपारपर्यंत कात्रण आलं नाही, तर दार वाजव,” फेल्डमन आजोबांनी शेजारच्या निवेदिताला बजावलं होतं. “काहीतरीच काय बोलता, आजोबा!” म्हणत तिनं ते हसण्यावारी नेलं.

मित्रांनो, ते कात्रण म्हणजे मी. लंडनच्या एका छोट्या साप्ताहिकातलं जुनं सदर. हिब्रू आणि यिडिश, म्हणजे युरोपातल्या ज्यूंची जुनी बोली, यांतले शब्द कुठून आले, हे सांगणं माझं काम. आजोबांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तीन जाड शब्दकोश आणि गार झालेला चहा यांच्यामध्ये माझा जन्म झाला. तेव्हा मला अर्धं पान मिळायचं. वाचक पत्रं लिहून भांडायचे, आजोबा खूश व्हायचे. पुढे वाचक मोबाइलकडे वळले आणि माझी जागा आक्रसत पडद्यांच्या जाहिरातीखाली गेली.

निवेदिता मात्र मला फ्रिजवर लावायची. ती सॉफ्टवेअरमधली. ‘ग्लिच’, म्हणजे अचानक होणारा बिघाड, हा तिचा रोजचा शब्द बहुधा यिडिशमधल्या ‘घसरण्या’वरून आला, हे वाचून तिनं अख्ख्या टीमला माझा फोटो पाठवला होता.

शुक्रवारी सूर्य मावळला की आजोबांचा शब्बाथ, ज्यू धर्मातला आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होई. शनिवारी अंधार पडेपर्यंत ते फोनला हात लावत नसत, दिव्याचं बटणही दाबत नसत. म्हणून त्याआधीच ते मला कापून तिच्या लेटरबॉक्समधून आत सरकवत.

त्या शुक्रवारी मला कापून ते उठले आणि त्यांचा पाय घसरला. ते फरशीवर, मी त्यांच्या मुठीत. भिंतीपलीकडे निवेदिता तीन वर्षांच्या मायराचा ताप दर तासाला मोजत होती. संध्याकाळी तिनं खिडकीतून पाहिलं.

“आज कात्रण आलं नाही रे,” ती नवऱ्याला म्हणाली.

“अगं, दिवा लागलाय ना त्यांचा? शब्बाथ आहे, कशाला डिस्टर्ब करतेस!” पुष्कर म्हणाला.

तिलाही पटलं. मला ओरडता आलं असतं तर!

शनिवारी सकाळी ताप उतरलेली मायरा दारातल्या पायपुसण्यापाशी उभी राहिली. “आई, आजोबाची कागद नाही आली?”

निवेदिताला आजोबांचं बजावणं आठवलं. टायमर! आजोबांनी ठेवायला दिलेली किल्ली घेऊन ती अनवाणीच धावली.

आजोबा शुद्धीवर होते. ओठ कोरडे, हात बर्फासारखे. फोन काढून ती क्षणभर अडखळली. “आज शनिवार... अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली तर चालेल ना?”

“जीव वाचवायला चालतं, पोरी. आता विचारत बसलीस, तर मात्र पाप लागेल,” ते पुटपुटले.

मांडीचं हाड मोडलं, पण आजोबा वाचले. या आठवड्यात हॉस्पिटलच्या खाटेवरून ते सांगत गेले आणि निवेदितानं मला लिहिलं. शब्द होता ‘श्मूझ’, म्हणजे गप्पा मारणं. त्याचं मूळ हिब्रूतल्या ‘ऐकलेल्या गोष्टीं’त आहे. खाली तिनं स्वतःच्या चार ओळी जोडल्या:

‘शेजारचा दिवा बघून मी निर्धास्त झाले होते. तुम्ही होऊ नका. तुमच्या ओळखीचं कुणी एकटं राहत असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा आणि त्यांचं दार वाजवा.’