कमरेला कसलेला शेला

मी शेला बोलतोय. मला विणलं खांद्यावर मिरवायला, आणि आयुष्य गेलं घामट पोटं आवळण्यात. माझ्याच कामाची मला किळस येते. का, ते ऐका.

जालन्यात कापसाच्या जिनिंगचा हंगाम सुरू झाला की सरकीच्या पहिल्या पोत्याला कुंकू लागायचं, आणि रखमाजी हमाल ते पाठीवर घेऊन फळीवरून थप्पीवर चढायचा. तो त्याचा मान. त्याबद्दलच जिनिंगचे मालक गिरधारीलाल शेठजींनी मला त्याच्या खांद्यावर घातलं. त्यानं मला कमरेला कसलं. पोट आवळलं की ताकद येते, हे हमालांचं शहाणपण.

कापसाची धूळ आणि चिलीम, दोघींनी मिळून त्याची छाती खाल्ली. बसलेला असला की पोट निवांत असायचं. ओझं घेऊन चालू लागला की श्वास बाहेर निघेना, मग तो पोटानं ढकलायचा. बेंबीपाशी मला लागणारा नाडीचा ठोका तेव्हा मऊ पडायचा.

त्याची बायको गोजरबाई त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "श्वास काढायला पोट एवढं दाबता, त्यानं छातीत दाब वाढतो. हृदयाकडं परतणारं रक्त अडतं. त्यात हा शेला. ओझं बंद करा आणि हा सोडा."

छप्पन सालच्या हंगामाचा मुहूर्त आला. रखमाजीचा धाकटा भाऊ कारभारी मला घेऊन पुढं झाला.

"दादा, आज पोतं नाही उचललं तर मान दुसऱ्याच्या घरी जाईल. कसून बांधतो, दम टिकंल."

"भावजी, डाक्टर काय बोल्लेत?" गोजरबाई म्हणाली.

"वैनी, तू यात पडू नको."

रखमाजीनं हात वर केले. कारभारीनं त्याच्या पाठीला गुडघा लावून मला आवळलं. थू असल्या मानावर!

अर्ध्या फळीवर पोट जिवाच्या आकांतानं मला धडका देऊ लागलं. ठोका विरळ झाला, मग लागेचना. पोत्यासकट रखमाजी खाली आला. गोजरबाईनं दातांनी माझी गाठ सोडली, पण तो गेला होता.

मला जाळायला तिनं उचललं, तर कारभारीनं हिसकावून घेतलं. "जरा ढिला बांधल्ता, म्हणून दम तुटला," असं तो अजून चारचौघांत सांगतो. ऐकून मला ओकारी येते.

आता मी त्याच्या कमरेला आहे. तोही खोकतो. फळीवर त्याचंही पोट तसंच ढकलू लागलंय.

सकाळी आंघोळीला जाताना तो मला दांडीवर टाकतो. गोजरबाई, तेवढ्यात ये. चूल पेटलेलीच असते.