गोठ्यातला रियाज

एका कामात दुसरं काम उरकायची ललितला भारी हौस. ट्रॅक्टर शहाद्याला न्यायचा तर तो रिकामा नेणार नाही, लग्नाला जायचं तर वाटेत खताच्या दुकानात डोकावणार, आणि सासुरवाडीला गेला तर सासऱ्याच्या विहिरीवरची मोटर तपासून येणार. त्यात वाईट काही नाही. कळसाडीच्या शिवारात सहा एकर ऊस, तीन एकर कापूस, दोन गाई आणि एक कालवड सांभाळणाऱ्या माणसाला दिवस पुरत नाही. त्याची बायको प्रतिभा शहाद्याच्या एका दवाखान्यात नावनोंदणीच्या टेबलावर बसायची. सकाळी डबे, मग एसटी, साडेपाचला परत, की लगेच गॅससमोर उभी. अशा घरात दहा वर्षांच्या मयूरीने तबला शिकायचं खूळ डोक्यात घेतलं, म्हणजे दुष्काळात तेरावा महिनाच.

पण आईबाप हौशी. तबल्याची जोडी घेतली, शहाद्याला ईश्वर सरांचा रविवारचा क्लास लावला. सर पहिल्याच दिवशी प्रतिभाला म्हणाले, "ताई, मी आठवड्यातून एकदा शिकवणार. बाकीचे सहा दिवस तुमचे. रोज पंधरा मिनिटं हिच्यासमोर बसा आणि हाताने ताल धरा. हिला घाई आहे. समोर ताल धरणारं माणूस असलं की मूल पळत नाही."

त्यांनी प्रतिभालाही तीनताल शिकवला. सोळा मात्रा. पहिलीला टाळी, पाचवीला टाळी, नववीला हात उलटा करून मोकळा सोडायचा, ती खाली, आणि तेराव्या मात्रेला पुन्हा टाळी. "खालीला डग्गा गप्प होतो," सर म्हणाले, "नुसता तबला बोलतो. कान तिथे ठेवा. चूक असली तर तिथेच ऐकू येते."

प्रतिभा दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले, चौथ्या दिवशी दवाखान्याचा फोन, आणि मग ते जे सुटलं ते सुटलंच. स्वयंपाकघरातून ती ओरडायची, "ऐकी ऱ्हायनी मी, वाजाड तू!" मयूरी रोज विचारायची, "मम्मी, आज बठशी?" आणि प्रतिभा रोज म्हणायची, "सकाय बठसू." ती उद्याची सकाळ काही उजाडायची नाही. शनिवारी सरांना रियाज पाठवावा लागे, तेवढा ललित फोनवर अर्धा तास रेकॉर्ड करून घ्यायचा, तोही दूध मोजता मोजता.

ऊसतोड सुरू झाली आणि शिवारात बिबट्याची बातमी आली. आजूबाजूचे फड जसे रिकामे होत गेले तसा तो उभ्या उसात सरकत आला. ललितच्या उसाची पाळी महिनाभर लांब होती. आधी रस्त्यापलीकडचा एक कुत्रा गेला, मग दोन शेळ्या. त्यातच ललितचा सालदार रायसिंग, जो गोठ्यातच झोपायचा, महिनाभरासाठी तोरणमाळला गावी निघाला. घरात लग्न होतं, त्याला कोण अडवणार?

गोठा घरापासून दोनशे पावलांवर. मधे रस्ता आणि पाटाची मोरी, मागे ऊस. वनखात्याची गाडी गावात येऊन सांगून गेली होती की दिवेलागणीला आवाज ठेवा, माणसाची चाहूल राहू द्या. कुणी रेडिओ लावून ठेवला, कुणी डबे बांधले. नेमकी तीच वेळ ललितची डेअरीवर जायची. त्याच्या डोक्यात ट्यूब पेटली.

"मयूरी तबला तठेच वाजाडी," तो जेवताना म्हणाला. "पत्रानं शेड शे, आवाज दुप्पट घुमी. रियाज बी व्हई, राखन बी व्हई."

"एकली?" प्रतिभा म्हणाली.

"एकली कशी? लाईट शे, रस्ता शे, तू समोर घरमजार शे. आणि मी सात वाजता येसच ना."

प्रतिभाला ते पटलं नव्हतं, हे खरं. पण कानाशी तबला नसेल तर निवांत भाकरी टाकता येतील, हेही तिच्या मनात आलं, आणि त्याची तिला पुढे फार लाज वाटली. शहाण्यासुरत्या माणसांनी असं कसं केलं, असं आता कुणीही विचारेल. दमलेल्या माणसाला सोयीची गोष्ट शहाणपणाची वाटते, दुसरं काय.

रायसिंग जीपमध्ये बसता बसता थांबला. त्याची घरची भाषा पावरी, पण यांच्याशी अहिराणीत बोलायचा. "भाऊ, आवाजले तो चार दिन घाबरस," तो म्हणाला. "पाचवा दिन तो आवाज वळखस."

ललित हसला आणि त्याच्या हातात पोरांसाठी गुळाची ढेप दिली.

तीन आठवडे काहीच झालं नाही. शेजारच्या मळ्यातून वासरू गेलं, रेडिओवाल्याची शेळी गेली; ललितच्या कालवडीला धक्काही लागला नाही. पोरीबद्दल तो चारचौघांत सांगू लागला की मन्ही आंडेर तबलावर वाघ पळावस. मयूरी सहाला गोणपाट टाकून बसायची, ऊस पाठीशी, गाई समोर. पत्र्याखाली तबला असा घुमायचा की प्रतिभाला घरात बोल न् बोल ऐकू यायचा. धा धिं धिं धा. वाजतंय म्हणजे पोर ठीक आहे, एवढा हिशोब करून ती पीठ मळायची.

तसं पाहिलं तर सांगणाऱ्या गोष्टी सांगतच होत्या. गाईने पान्हा चोरायला सुरुवात केली. कालवड दावं ताणून शेडच्या दुसऱ्या टोकाला उभी राहू लागली. घरचा कुत्रा शेरू मयूरीच्या मागे मोरीपर्यंत जायचा, तिथे बसायचा आणि कितीही बोलावलं तरी पुढे पाऊल टाकायचा नाही. एकदा मयूरी जेवताना म्हणाली, "मम्मी, मन्हं वाजाडनं थांबनं का ऊस हालस."

"वारा व्हई," प्रतिभा म्हणाली. तव्यावर भाकर होती.

वाऱ्याला तबल्याचं काय पडलंय, हे तिच्या मनात दुसऱ्या दिवशी एसटीत आलं. मग तिकिटाला हात पुढे आला आणि ते विसरायला झालं.

मयूरीची तबल्याची परीक्षा आठ दिवसांवर आली तेव्हा एका बुधवारी प्रतिभा दवाखान्यातून लवकर सुटली. आज पोरीजवळ बसायचंच, असं तिने ठरवलं. भाकरी लवकर उरकल्या, फोन चार्जिंगला लावला आणि हात पुसत मोरी ओलांडली. शेरू तिथेच बसला होता. त्याने तिच्याकडे पाहून नुसतं कण्हल्यासारखं केलं.

मयूरीला चकित करावं म्हणून ती रस्त्याने न जाता उसाच्या बांधाने मागून गेली. ऊन उतरलं होतं, पण नीट दिसत होतं. गोठ्याच्या मागे पहिल्या सरीत ती थबकली. पाचट दबून एक लांबट खळगा झाला होता, कुणीतरी रोज येऊन पडावं तसा. भोवती ओल्या मातीत पंजे उमटले होते, जुन्यावर नवे, त्यावर अजून नवे. तिने वाकून पाचटाला हात लावला. ते गरम होतं.

ती तशीच उकिडवी बसून समोर पाहू लागली. खळग्यातून गोठ्याकडे पाहिलं की मधे पाण्याची सिमेंटची टाकी येत होती. तिथून गाई दिसत नव्हत्या. कालवड दिसत नव्हती. टाकीच्या कडेने फक्त गोणपाट दिसत होतं आणि त्यावर तबल्यात रमलेल्या मयूरीची पाठ, लाल रिबिनीसकट.

तो आत्ता इथून उठला होता. गेला कुठे? ऊस चहूकडून सारखाच दिसत होता. ओरडावं तर मयूरी घाबरून पळेल, आणि पळणाऱ्यावर जनावर झेप घेतं, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. तबला थांबला की ऊस हलतो. पोर सांगत होती, आणि आपण भाकर उलटत होतो.

ती सावकाश चालत शेडमध्ये आली आणि मयूरीच्या समोर, उसाकडे तोंड करून बसली.

"मम्मी!" मयूरीचा हात थांबला.

"थांबू नको," प्रतिभा म्हणाली. आवाज आपलाच आहे का, असं तिला वाटलं. "वाजाडत ऱ्हाय. मी ताल धरस."

मयूरीचा चेहरा असा फुलला की प्रतिभाला रडू कोसळायचं बाकी राहिलं. पोर ताठ बसली, केस मागे सारले आणि समेवर थाप मारली. प्रतिभाने टाळी दिली. पाचवीला टाळी. नववीला हात उलटा केला, डग्गा गप्प झाला, आणि त्या पातळ जागेत तिला उजवीकडे पाचट वाजल्याचं ऐकू आलं. तेराव्या मात्रेला टाळी, पुन्हा सम. पुढच्या खालीला तोच आवाज टाकीच्या जवळ आला होता. कालवडीने दावं एवढं ताणलं की तिचा गळा घरघरू लागला.

"मम्मी, तू मन्हाकडे देखत बी नही."

"ऐकी ऱ्हायनी मी. मोठा वाजाड. अजून मोठा."

सर म्हणाले होते ते खरं निघालं. समोर ताल धरणारं माणूस असल्यावर पोर पळाली नाही. तिने कायदा वाजवला, पलटे वाजवले, चुकलेला तुकडा स्वतःहून पुन्हा घेतला. आईला दाखवायचं म्हणून सगळं दाखवलं. प्रतिभाचे डोळे उसावरून हलले नाहीत. रिबिनीमागे, सहा-सात हातांवर, दोन धाटांच्या मधे एक पिवळसर ठिपका होता आणि तो वाऱ्याबरोबर हलत नव्हता. किती आवर्तनं झाली ते तिला सांगता येणार नाही. सोळा संपले की पुन्हा एक, एवढंच ती धरून होती.

मग रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला आणि दिव्याचा झोत उसावर फिरला. ठिपका नव्हता. ललित उतरला तसा प्रतिभाने पोरीला उचलून ट्रॉलीत टाकलं आणि मागोमाग चढली. तबला तिथेच राहिला. मोरी ओलांडताना मयूरी तिच्या कुशीत शिरून म्हणाली, "आज कितलं भारी वाजनं ना? सकाय बी बठशी ना, मम्मी?"

"बठसू," प्रतिभा म्हणाली. "रोज बठसू."

ललितने ऐकून घेतलं, पण त्याला पटलं नाही. बॅटरी घेऊन खळगा पाहून आला आणि म्हणाला, "कालवडवर डोळा शे त्याना. वाघ काय तबला ऐकाले येस का?"

"कालवड तठून दिसत नही," प्रतिभा म्हणाली. "मन्ही पोर आते तठे जावाव नही. बस."

तिचा तो आवाज ऐकून ललित पुन्हा गोठ्यात गेला. तबला-डग्गा घरी आणला. पण खोड ती खोड. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने गावातून ब्लूटूथचा स्पीकर आणला, त्यात शनिवारचा रियाज भरला आणि गोणपाटावर, मयूरी बसायची तिथेच, ठेवून दिला. आवाज तोच, भीती तीच, पोर मात्र घरात. घराच्या दारातून प्रतिभाने तो तबला ऐकला. पोर तिच्या शेजारी बसून गृहपाठ करत होती आणि समोर गोठ्यात तीच पोर वाजवत होती. तीन आवर्तनांनंतर, मधेच, मात्रा पुरी न होता आवाज बंद पडला.

"चार्जिंग सरनी व्हई," ललित म्हणाला. पण तोही उठला नाही.

सकाळी दोघे मिळून दूध काढायला गेले. कालवड जिवंत होती. तिच्या अंगाला नखही लागलं नव्हतं, गाईंनाही नाही. गोणपाट जागेवर नव्हतं. त्याचा माग शेडच्या कडेने टाकीपाशी, आणि तिथून सरीत गेला होता. पंधरा हात आत ते सापडलं, मधोमध फाटलेलं. स्पीकर पलीकडे चिखलात पडला होता. त्याच्या रबरावर दातांची चार भोकं होती, करंगळी जाईल एवढी. कालवडीवरून, तिच्या अगदी अंगावरून, बिबट्या पुढे गेला होता. ललितने स्पीकर उचलून हातात धरला. त्याला पहिल्यांदाच एका वेळी एकच काम सुचत होतं, आणि ते म्हणजे रडणं.

वनखात्याने पिंजरा लावला. आत बकरी बांधली. दहा दिवस बकरी ओरडली आणि पिंजरा रिकामा राहिला. पंजे भोवती येत, दारापाशी थांबत, निघून जात. वनरक्षक डोकं खाजवत म्हणाला, "असं कधी पाहिलं नाही. याला बकरी नकोय. भाऊ, तुमच्याकडे याला कशाची सवय लागली होती?" ललितने प्रतिभाकडे पाहिलं. आमिष त्यांनीच मांडलं होतं, तीन आठवडे, दिवेलागणीला, लाल रिबीन बांधून.

मयूरीचा रियाज आता घरात चालतो, दार-खिडक्या लावून. प्रतिभा भाकरी आधी उरकते आणि बरोबर सहाला समोर बसते. ललितही डेअरीवरून धावत येतो. पोर खूष आहे. शाळेत सांगते की मन्ही मम्मी एक दिन बी चुकावत नही.

पिंजरा लावल्याच्या अकराव्या दिवशी ललितला डेअरीवर उशीर झाला. मयूरी तीनताल वाजवत होती, प्रतिभा ताल धरत होती. शेरू ओट्यावर होता. तो उठला, दार ओरबाडू लागला. प्रतिभाने फट करून त्याला आत घेतलं आणि कडी लावली. शेपूट पायांत घालून तो पलंगाखाली शिरला आणि भिंतीला चिकटला.

नववी मात्रा आली. डग्गा गप्प झाला. प्रतिभाचा हात उलटा होऊन तसाच राहिला. ओट्यावरची पाण्याची बादली कुणीतरी हलकेच सरकवल्यासारखी वाजली.

मयूरीने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मम्मी, थांबू का?"

"नको," प्रतिभा म्हणाली आणि तेराव्या मात्रेला टाळी दिली. "वाजाडत ऱ्हाय, मन्ही माय. मी शे ना आठे."