मुंगीचा दरवाजा

दरवाजा दिसला की त्याच्यामागे घर असणार, असं तुम्ही धरून चालता. माझ्यामागे मात्र कधीच घर नव्हतं. मी नाटकातला दरवाजा. मला ढकलून आत गेलेला माणूस स्वयंपाकघरात पोचत नसे. तो विंगेतल्या अंधारात पोचायचा, कपाळावरचा घाम टिपायचा आणि कुणी पुढे केलेला पाण्याचा पेला घटाघटा प्यायचा. समोर बसलेल्यांना मात्र तो स्वयंपाकघरातच गेलेला दिसायचा. त्यांनी माझ्यावर टाकलेला हा विश्वास मी आजवर जपत आलोय.

माझा जन्म नाट्यगृहामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. अर्धा मी मोडक्या पलंगाचा, अर्धा सामानाच्या खोक्यांचा. मास्तर शेजारी उभे होते. मास्तर म्हणजे नाटक मंडळीचे मालक, दिग्दर्शक आणि मुख्य नट, तिन्ही एकाच सदऱ्यात! ते सुताराला म्हणाले, "असा दरवाजा कर, की मी आपटला तर शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या काळजात धस्स झालं पाहिजे."

"मास्तर, दरवाजा करतोय, तोफ नाही," सुतार म्हणाला.

आणि खरंच, मास्तरांचा आवाज आणि माझं आपटणं, दोन्ही शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची.

मंडळीचे कपडे शिवायला एक विधवा बाई होती. तिच्याबरोबर तिची मुलगी यायची. अंगानं काडीसारखी, पण बसून राहणं ठाऊक नाही. एके दिवशी तिनं एकटीनं मला पाठीवर घेतलं आणि शेडमधून रंगमंचापर्यंत आणलं. मास्तर हसत सुटले. "ही बघा मुंगी! आपल्याहून मोठा दाणा घेऊन निघाली." त्या दिवसापासून ती मुंगी झाली. खरं नाव तिच्या आईलासुद्धा आठवायला वेळ लागत असेल.

मुंगी रंगमंचावर कधी आली नाही. तिची जागा माझ्यामागे. कुणाची टोपी, कुणाचा चष्मा, कुणाच्या हातात काय हवं, कुणाला आज बरं नाही, सगळं तिच्या डोक्यात. मास्तर मला आपटायचे तेव्हा अख्खी कापडी भिंत थरथरायची. मुंगी पलीकडून भिंतीला पाठ लावून उभी राहायची. लोक टाळ्या वाजवायचे मास्तरांना, आणि त्या टाळ्यांची कंपनं पोचायची तिच्या पाठीला.

दुपारी नाट्यगृह रिकामं असायचं. उंचावरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी यायची, तिच्यात धूळ तरंगत राहायची. मुंगी मला टेकून बसायची आणि डोळे मिटून पुटपुटायची, "तुझ्यामागे आज समुद्र आहे हं." दुसऱ्या दिवशी बाग असायची, तिसऱ्या दिवशी एखादं स्टेशन, जिथून गाडी नुकतीच गेलीय. मी लाकूड आहे, मला स्वप्नं कुठली? पण तिची स्वप्नं माझ्या फटींतून आत झिरपली आणि तिथेच राहिली.

मग घरोघरी टीव्ही आला. समोरच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. एका तालमीनंतर मुंगी भीत भीत म्हणाली, "मास्तर, लोक आपल्याकडे येत नाहीत, तर आपण त्यांच्या घरी जाऊ या. टीव्हीसाठी चित्रपट करू."

"त्या डब्यात? अगं, माझं डोकं मावलं तर पाय बाहेर राहतील."

"मग बसून करा ना भूमिका!"

सगळी मंडळी खो खो हसली. मास्तर हसले नाहीत. हातातला चहा तसाच ठेवून ते म्हणाले, "जा तू. शिकलीस तेवढं पुष्कळ झालं. मला मात्र त्या डब्यात बोलवू नकोस."

निघताना तिनं विचारलं, "हा दरवाजा नेऊ?"

"ने. तिथे आपटायला तरी काहीतरी हवंच."

मुंगीची आई फार श्रद्धाळू. तिनं त्याच संध्याकाळी देवाजवळ सांगून टाकलं, की मास्तर हिच्या कामात पाऊल टाकेपर्यंत माझ्या चहात साखर नाही. मुलगी चिडली. "आई, हे काय नवीन?"

"ज्यानं आपल्याला दोन घास दिले, तुला हाताला धरून शिकवलं, त्याचं मन मोडून केलेलं काम कसं गं फळेल? त्यांचा पाय लागला पाहिजे."

आईच्या व्रतात साखर होती आणि मुलीच्या मनात मास्तर, एवढाच काय तो फरक.

तिची पहिली टेलिफिल्म एका जुन्या गोदामात सुरू झाली. मला चकचकीत हिरवा रंग दिला होता. कॅमेरामन कॅमेरा खांद्यावर घेऊन सरळ माझ्या पाठीमागे गेला आणि किंचाळला, "अहो, या दरवाजाला पाठच नाही!"

खरंच होतं. मागून मी म्हणजे कच्च्या फळ्या, टेकू आणि सुतारानं पेन्सिलीनं मारलेल्या रेघा. नाटकात कुणी कधी मागून रंगवतं का?

"पाठ कशाला?" मुंगी गोंधळून म्हणाली. "तिकडे थोडेच प्रेक्षक बसणार आहेत?"

"बाई, इथे प्रेक्षक माझ्या खांद्यावर बसलाय. मी जाईन तिकडे तो येतो."

पलीकडचं अंगण नाही, रस्ता नाही, काही म्हणजे काहीच तयार नव्हतं. वाहिनीचे साहेब घड्याळाकडे बघू लागले. मुंगी माझ्याजवळ येऊन बसली, नेहमीसारखे डोळे मिटले. मग उठून म्हणाली, "कॅमेरा आतच राहू दे. बाहेर काय आहे ते कुणाला दाखवायचंच नाही. आपल्या गोष्टीत घरात वाट बघत बसलेल्या बाईला तरी कुठे दिसतं?"

मग चित्रपटभर मी बंद राहिलो. माझ्याखालच्या फटीतून फक्त सावल्या यायच्या-जायच्या, पावलं थांबायची, पुन्हा निघून जायची. लोकांना ते फार आवडलं. रस्त्यात बाया मुंगीला अडवायच्या. "अहो, शेवटी दाराबाहेर कोण होतं?"

"तुम्हाला कोण वाटलं?"

"माझा भाऊ," एक म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

दुसरी म्हणाली, "माझी सासूबाई! म्हणून तर म्हटलं, उघडू नको गं बाई!"

त्यानंतर मुंगीनं कितीतरी टेलिफिल्म केल्या. निर्माती म्हणजे काय, हे मला तिच्याकडे बघून कळलं. नायिकेला ताप येतो, दिवे जातात, जेवण उशिरा येतं, जिथे चित्रीकरण करायचं त्या घराचा मालक ऐन वेळी रुसून बसतो. सगळे एकाच बाईकडे बघतात, आणि ती म्हणते, "होईल." कसं होईल ते तिलाही ठाऊक नसायचं. पण तो शब्द देव्हाऱ्यातल्या ज्योतीसारखा असतो. आधी लावायचा, मग उजेड पडतो.

नाटकाची एक सवय तिनं सोडली नाही. चित्रीकरणाआधी सगळ्यांना जमिनीवर गोल बसवून गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. सगळे म्हणजे दिवे लावणारे, इस्त्री करणारे, गाडी चालवणारेसुद्धा. टीव्हीतली माणसं आधी हसली. "मॅडम, मला फक्त गाडी चालवायचीय!" असं म्हणणारा ड्रायव्हर पुढे शेवट ऐकून नाक शिंकरताना मी पाहिलाय.

आणि प्रत्येक कामात तिनं मला कुठे ना कुठे उभं केलं. मी दवाखाना झालो, शाळा झालो, वकिलाची कचेरी झालो. एका रंगावर दुसरा रंग चढत गेला. मागूनही रंगवायचे आता! आडवा पडून असलो की ते सगळे रंग आत हळूहळू बोलू लागतात. हिरव्यातली वाट बघणारी बाई पांढऱ्यातल्या डॉक्टरला विचारते, तुम्ही कुठून आलात? मी ऐकत पडतो. कुठलं घर खरं आणि कुठलं खोटं, हे मग माझं मलाच कळेनासं होतं.

दर नव्या कामाआधी मुंगी गोष्टीचे कागद घेऊन मास्तरांकडे जायची, आईला बरोबर घेऊन. परत आली की आमचे लोक विचारायचे, "काय म्हणाले?"

"म्हणाले, चहा घेऊन जा."

आई समजूत काढायची, "चहा दिला ना? म्हणजे अगदीच परकं नाही केलं."

"आई, तू तरी घे आता साखर. देव काही मागे लागलेला नाही."

"देव कुठे मागतो गं? आपणच देतो."

नाटक मंडळी बंद पडली. मास्तर थकले. मुंगीच्या केसांत रुपेरी रेघा आल्या. तेव्हा तिनं एक गोष्ट निवडली, रागावून घर सोडलेल्या आणि म्हातारपणी परत आलेल्या बापाची. वाहिनीचे साहेब खूश झाले. "बापासाठी नावाजलेला नट मी देतो."

"बाप ठरलाय," मुंगी म्हणाली.

"कोण, तुमचे मास्तर? ते आजवर आले नाहीत, आता येतील?"

"नाही आले, तर हे काम मी करणार नाही."

अडचणीच्या वेळी तिच्या तोंडून 'होईल' सोडून दुसरं काही मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही, मुंगीनं सगळ्यांना सांगितलं ते ऐकलंय. मास्तरांनी नेहमीप्रमाणे मान हलवली आणि चहा सांगितला. आईनं कप हातात घेतला आणि म्हणाली, "मास्तर, आजवर मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. आता मागते. मला चहा गोड हवाय."

"मग घाल की साखर! डबा समोर तर आहे."

"तो तुमच्या हातात आहे," असं म्हणून तिनं आपलं व्रत सांगितलं. मास्तर म्हणाले, "इतकी वर्षं? माझ्या घरी येऊनसुद्धा फिकाच पीत होतीस?"

"तुमच्या घरचा तर फारच फिका लागायचा."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "कधी यायचं ते सांगा," ते म्हणाले.

ते आले. काठी टेकत, इस्त्रीच्या सदऱ्यात. त्यांना माझ्यामागे उभं केलं. अलीकडे, घराच्या भागात, मुलीचं काम करणारी नटी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिची वाक्यं आधीच चित्रित करून झाली होती. या तुकड्यात तिनं गप्प राहायचं, मास्तरांनी मला उघडायचं आणि म्हणायचं, "मी आलोय."

दिग्दर्शक म्हणाला, "ॲक्शन!"

मी उघडलो नाही.

पुन्हा "ॲक्शन!" पुन्हा शांतता. कुणीतरी कुजबुजलं, "विसरले बहुतेक." वाहिनीच्या साहेबांनी कपाळाला हात लावला.

पलीकडे काय चाललं होतं, ते फक्त मला ठाऊक. मास्तरांचा तळहात माझ्या पाठीवर होता. ओठांतल्या ओठांत ते म्हणत होते, "देवा, हा आवाज लहान होत नाही रे. पोरीचं काम माझ्यापायी बिघडू देऊ नकोस." आणि ते कान देऊन थांबले होते. उभ्या आयुष्यात ते कधी 'ॲक्शन'वर आत आले नव्हते. नाटकात समोरच्यानं आपलं शेवटचं वाक्य म्हटलं की मगच आत यायचं असतं. ते वाक्य येईना, म्हणून मास्तर येईनात.

मुंगीच्या ते लक्षात आलं. ती कॅमेऱ्याच्या बाजूला खाली बसली आणि घरातल्या घरात बोलावं तशा आवाजात नटीचं वाक्य तिनं स्वतः म्हटलं, "दार नुसतं लोटलंय. कडी लावलेली नाही."

तळहातानं मला हलकेच लोटलं. मी इतका हळू उघडलो की बिजागरीलाही कळलं नाही.

"मी आलोय," मास्तर म्हणाले. झोपलेल्या लेकराच्या उशाशी म्हणावं, इतकं हलकं.

'कट' म्हणायचं कुणालाच सुचेना. शेवटी मास्तरच म्हणाले, "झालं का? की असाच उभा राहू? पाय दुखतायत." मग जो काही हशा पिकला!

मुंगी त्यांना धरून खुर्चीपर्यंत घेऊन आली. "मास्तर, इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही रागावलात."

"राग कसला गं! भीती होती. अख्खा जन्म ओरडण्यात गेला, तिथे हळू कसं बोलायचं? पण माणसाला 'रागावलोय' म्हणून सांगणं सोपं जातं."

"आणि मी दर वेळी नुसते कागद आणत राहिले."

"आणलेस म्हणून तर जिवात जीव होता," मास्तर म्हणाले.

त्या संध्याकाळी आईनं दोन चमचे साखर घातलेला चहा घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अगं बाई, एवढा गोड पिता तुम्ही लोक?"

आता मी म्हातारा झालोय. खालची फळी पाण्यानं फुगलीय, कुलपाच्या जागी नुसतं भोक उरलंय, अंगावर इतके रंग आहेत की मूळचं लाकूड मलाही आठवत नाही. मुंगीच्या कोठीत भिंतीला टेकून असतो. मास्तर अधूनमधून इथे येतात. मुंगीकडे कामाला आलेल्या नव्या मुलांना गोल बसवून वाचायला शिकवतात, आणि कुणी ओरडून वाचलं की म्हणतात, "अरे हळू, इथे माणूस जवळ बसलाय."

निरोप घेण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही आयुष्यात कुणीतरी असेल, जे रागावलंय असं तुम्ही कित्येक वर्षं मानत आलात. त्याच्यापर्यंत एकदा जा. आणि जाऊन 'या' एवढंच म्हणू नका. ज्या शब्दाची ते वाट बघत असेल, तो शब्द द्या. मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय हो. अलीकडचा माणूस म्हणतो, तो येत नाही. पलीकडच्याचा हात केव्हाचा दारावर असतो.